उन्हाळ्यात उभा राहिलेला जलसा



आपल्या विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने मला इतिहासावर काही लिहायला सांगितले. इतिहास म्हटला की आपण महाड, नाशिक, येवला आणि नागपूर ही नावे घेतो. ती घेतलीच पाहिजेत. पण एक प्रश्न आपण फारसा विचारत नाही. ज्या खेड्यातला एकही माणूस महाडला गेला नव्हता, जिथे वर्तमानपत्र पोचत नव्हते, आणि पोचले तरी वाचणारा सापडत नव्हता, त्या खेड्यात महाड नेले कोणी? ते नेले जलसेवाल्यांनी. खांद्यावर ढोलकी, डोक्यावर पेटी, बरोबर तुणतुणे आणि झांज, एवढ्या सामानावर त्यांनी बाबासाहेबांचा विचार घरोघर पोचवला. बाबासाहेब स्वतः आपल्या सभांपेक्षा जलशाचे वजन जास्त मानत, ही गोष्ट तर आपल्याकडे म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही तोंडपाठ आहे.

जलशातली गाणी आणि शाहिरांची नावे यांवर बरेच लिहिले गेले आहे. मला लिहायचे आहे ते जलसा उभा करण्याच्या कामावर. नाटक कंपनीत दिग्दर्शक असतो. जलशात त्याला कुणी दिग्दर्शक म्हटले नाही. कुठे तो मास्तर, कुठे शाहीर, कुठे पार्टीचा प्रमुख. पण काम तेच, आणि तेही ऐन उन्हाळ्यात, पाण्याची बोंब असताना आणि पोटापाण्याचा धंदा सांभाळून.

जलसा आला कुठून

जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याआधी १८५५ सालीच त्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले होते. नाटकाने अडाणी माणूस जागा होतो हे त्यांना चांगले ठाऊक होते. पुढे सत्यशोधक कार्यकर्त्यांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यातला माल बदलला. ओतूरचे भीमराव महामुनी, सातारा भागातले रामचंद्र घाडगे अशा मंडळींनी सत्यशोधक जलसे गावोगाव नेले. तमाशात गण, गौळण, बतावणी आणि वग असा क्रम असतो. क्रम लोकांच्या ओळखीचा राहिला, पण भटजीची लबाडी, सावकाराचे व्याज आणि लग्नातला वायफळ खर्च हे विषय आत आले. सोंगाड्या तोच, त्याचे वेडेवाकडे प्रश्नही तेच. फक्त आता त्या प्रश्नांनी हसणाऱ्याला विचार करायला लावले.

आंबेडकरी जलसा याच वाटेने पुढे गेला. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांच्या पुढाकाराने तो पुढे काही वर्षे चालू राहिला. त्याच धामधुमीच्या काळात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाशिकमध्ये जलसा उभा केला. (हे भीमराव कर्डक. वामनदादा कर्डक वेगळे. आपली तरुण मुले पुष्कळदा दोघांची गल्लत करतात.) भीमरावांनी पुढे १९७८ साली 'आंबेडकरी जलसे' या विषयावर पुस्तक लिहून हा सगळा इतिहास कागदावर आणला. त्यांनी तो लिहिला नसता तर आज आपल्याला त्यातले निम्मेही कळले नसते. त्यांच्याशिवाय केरुबुवा गायकवाड, केरू घेगडे, पतितपावनदास अशा अनेकांनी आपापल्या भागात पार्ट्या काढल्या. ज्यांची नावे कुठेच छापली गेली नाहीत ते तर कितीतरी.

जलशाचे विषय काय होते? महाडचा आणि नाशिकचा लढा, महारकीचे वतन, मेलेल्या जनावराचे मांस, दारू, जुगार, अंगारे-धुपारे आणि पोरांची शाळा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाचे बिल मांडले. बिल म्हणजे काय, वतन सोडले तर खायचे काय, ही भीती प्रत्येक घरात होती. ती भीती भाषणाने जात नव्हती. वतनाला चिकटून बसलेला बाप आणि शहर बघून आलेला पोरगा समोरासमोर उभे करून भांडायला लावले, की बघणाऱ्याला आपलेच घर दिसे.

उन्हाळाच का?

आपले मोठे दिवस बघा. २० मार्च चवदार तळे. १४ एप्रिल बाबासाहेबांची जयंती. त्यानंतर वैशाखी पौर्णिमा. सगळे उन्हातले. जलशाचा हंगामही हाच. रब्बीची काढणी झाली की शेतमजुराच्या हाताला काम नसते. चैत्र-वैशाखात गावोगाव जत्रा आणि लग्नं. मुंबईचा गिरणी कामगार रजा टाकून गावी येतो तोही याच दिवसांत. रात्री उघड्यावर बसता येते, पावसाची धास्ती नाही, चांदणे असेल तर दिव्याचाही खर्च वाचतो. माणसे जमायची ती उन्हाळ्यातच, म्हणून जलसाही उन्हाळ्यातच.

पण उन्हाळा म्हणजे पाण्याचे हाल. आणि आपल्या माणसाचे हाल दुप्पट. गावची विहीर बंद, आपली विहीर असली तर वैशाखात तळाला गेलेली. कोणीतरी वरून ओंजळीत पाणी घालील म्हणून पाणवठ्यापासून लांब उभे राहायचे. महाडला १९ आणि २० मार्च १९२७ ला परिषद भरली तेव्हा मंडपात आलेल्या आपल्या लोकांसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. १९२७ चे चाळीस रुपये! वास्तविक सी. के. बोले यांच्या ठरावाने १९२३ सालीच सार्वजनिक पाणवठे खुले झाले होते, आणि महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले केले होते. ठराव होता आणि पाणी नव्हते. म्हणून २० मार्चला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले. आपण पाणी प्यायलो म्हणून त्यांनी तळे शेण-गोमूत्राने 'शुद्ध' केले. मग खटला. तळ्यावरचा आपला हक्क हायकोर्टात कायम झाला तो १९३७ साली, म्हणजे दहा उन्हाळे उलटल्यावर.

आता विचार करा. पायी चालत आलेली जलशाची पार्टी अशा एखाद्या गावात दुपारी पोचते. पायाखाली फुफाटा, तोंडाला कोरड. त्यांना पिण्याचे पाणी मिळवायला खटपट करावी लागते. आणि रात्री त्यांनीच उभे राहून पाण्याच्या हक्काचा वग करायचा. त्या वगात सोंग कुठले आणि खरे कुठले? ज्या तहानेवर वग, ती तहान दुपारी करणाऱ्याच्याही घशात होती आणि बघणाऱ्याच्याही. म्हणून तो काळजाला भिडत होता. माझ्या मते जलशाची ताकद इथे आहे. अडचण जलशाच्या बाहेर नव्हती. अडचण हाच जलशाचा विषय होता.

गिरणी, पाळी आणि तालीम

शहरात दुसरी टंचाई होती, ती वेळेची. मुंबईत परळ, नायगाव, शिवडी, वरळी, डिलाईल रोड इथल्या चाळींत आपला कामगार दाटीवाटीने राहत होता. १९२२ च्या कायद्याने गिरणी कामगाराचा आठवडा साठ तासांचा झाला. १९३४ च्या कायद्याने चोपन्न. अठ्ठेचाळीस तास यायला १९४६ साल उजाडावे लागले. म्हणजे जलशाच्या ऐन भरात आपला माणूस दिवसाचे नऊ-दहा तास गिरणीत उभा होता.

गिरणीतही कुठे? कताई खात्यात. विणकाम खात्यात पगार बरा, पण तिथे आपल्याला मज्जाव. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी भरली की सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा दुसरे कामगार कसे धरणार? १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न युनियनच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. मी स्वतः गिरणीत लागलो तो ८२ च्या संपानंतर. तोपर्यंत ही शिवाशीव कायद्याने गेली होती. पण जुने कामगार जेवणाच्या सुट्टीत ही गोष्ट सांगत तेव्हा आवाज खाली आणून सांगत, हे मी ऐकलेले आहे.

कताई खात्याची हवा मुद्दाम दमट ठेवतात. हवा कोरडी झाली की सूत तुटते. त्या दमटपणात कापसाची तुसं उडत असतात, ती नाकात, घशात आणि छातीत जातात. यंत्रांच्या खडखडाटात शेजारच्याशी बोलायचे तर ओरडावे लागते. अशा खात्यातून पाळी सुटून आलेला माणूस रात्री नऊला तालमीला बसायचा आणि वरच्या पट्टीत गायचा. त्याचा गळा कसा राहत असेल? गूळ-पाणी, खडीसाखर, लवंग तोंडात धरणे, असले घरगुती उपाय. मास्तरला कुणाचा गळा कधी बसेल याचा अंदाज ठेवावा लागे. प्रत्येक भूमिकेला दुसरा माणूस तयार ठेवावा लागे, कारण पाळी बदलली की सोंगाड्या रात्रपाळीला आणि पेटीवाला दिवसपाळीला. मुकादमाने सुट्टी नाकारली की राजाचे सोंग घेणारा साच्यावर आणि राजाविना दरबार.

वाद्यांनाही उन्हाळा सोसावा लागतो. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत ढोलकीचे पान सैल पडते, आवाज बद्द येतो, मग ते शेकून घ्यायचे. तीच ढोलकी देशावर वैशाखात नेली की कातडे ताणून कडक होते आणि जपले नाही तर तडकते. म्हणजे एकच ढोलकी दादरला शेकायची आणि सिन्नरला सावलीत झाकून ठेवायची. ही विद्या कुठल्या शाळेत शिकवत नाहीत.

मास्तरचे काम

पार्टीतल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. एखाद-दुसऱ्याला वाचता येई. तो वाचणार, बाकीचे ऐकून ऐकून पाठ करणार. वामनदादा कर्डकांचेच बघा. १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेला हा माणूस मुंबईत कष्टाची कामे करत करत मोठेपणी लिहा-वाचायला शिकला. पुढे त्यांनी हजारो गाणी लिहिली. तेव्हा अडाण्याकडून काय होणार, असे म्हणणाऱ्यांनी जरा थांबावे.

चाली बहुतेक ओळखीच्या घेत. भजनाची, लावणीची, पुढे सिनेमाची. त्याला कारण होते. चाल ओळखीची असली की ऐकणारा शब्दांकडे लक्ष देतो, दुसऱ्या कडव्याला स्वतः धरतो, आणि सकाळी पाणी भरताना, गवत कापताना तेच गुणगुणतो. पार्टी पुढच्या गावाला गेली तरी गाणे मागे राहते.

पडदा नाही, रंगमंच नाही, नेपथ्य नाही. घोंगडी टाकली की मंच. गॅसबत्ती मिळाली तर चैन. तिच्यावर उन्हाळी किडे झडप घालत, मेंटल मध्येच तुटून पडे आणि वग अंधारात बुडे. असे झाले की सोंगाड्याने तोंडी बतावणी चालू ठेवायची, तोवर दुसऱ्याने बत्ती दुरुस्त करायची. सात-आठ माणसांत वीस सोंगे निभवायची. बाईचे काम पुरुषाने करायचे, ते करताना अंगविक्षेप आणि वाह्यातपणा टाळायचा, कारण समोर आपल्याच आया-बहिणी बसलेल्या. तमाशात आपल्या समाजाचे कलावंत पिढ्यान् पिढ्या नाचले-गायले, त्यांच्या कलेवर दुसऱ्यांनी चैन केली. पठ्ठे बापूरावांनी महाडच्या सत्याग्रहासाठी तमाशाच्या खेळाचे पैसे देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, अशी आठवण सांगितली जाते. आमच्या बायकांना नाचवून आलेला पैसा चळवळीला नको, हा त्यातला अर्थ. त्यामुळे जलशाची शिस्त कडक होती. दारूविरुद्ध गाणाऱ्याने दारू पिऊन उभे राहायचे नाही. मास्तरचे पहिले दिग्दर्शन हे असे माणसांच्या वागण्याचे होते. सुरांचे नंतर.

याच गिरणगावात दुसरा प्रवाहही वाहत होता. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले. अण्णाभाऊंनी गणात गणपतीऐवजी मातृभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन केले. पक्ष वेगळे, झेंडे वेगळे. पण कामगाराच्या चाळीतून माणसे गोळा करायची, पाळ्या सांभाळून तालीम करायची आणि उघड्या मैदानात खेळ करायचा, ही रीत तीच. दोघांनी एकमेकांकडून घेतले असणारच.

धम्मदीक्षेनंतर

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपण नवा जन्म घेतला. त्यानंतर जलशाचे रूप बदलले. वगाची जागा हळूहळू गायन पार्टीने घेतली. आधी बुद्धवंदना, मग भीमगीते, मग दोन पार्ट्यांचा सवाल-जवाब. वामनदादा, श्रावण यशवंते, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यासाठी लोक रात्र रात्र जागले. बाईच्या सोंगाची जागा खऱ्या गायिकांनी घेतली. सुषमादेवी, वैशाली शिंदे यांचा आवाज घराघरात गेला. हा बदल लहान नव्हे. विठ्ठल उमपांनी तर २०१० च्या नोव्हेंबरात नागपूरच्या दीक्षाभूमीवर, कार्यक्रमातच, अखेरचा श्वास घेतला. चळवळीच्या कलावंताला याहून मोठा रंगमंच कोणता?

आपल्या वस्तीत

गेल्या काही वर्षांत जयंती म्हटली की पहिली चर्चा डीजेची. भिंतीएवढे आवाजाचे खोके भाड्याने आणायचे, वर्गणीतले निम्मे पैसे त्यात. दुपारच्या उन्हात मिरवणूक, खिडक्यांची तावदाने थरथरतात, हृदयविकाराचे पेशंट कानात बोळे घालून आत बसतात. तरुणांच्या उत्साहावर माझा राग नाही. पण भाड्याच्या आवाजात आपला आवाज कुठे असतो?

म्हणून आम्ही काही जणांनी विहारात मुलामुलींना घेऊन महाडचा वग बसवायचे ठरवले. हे काम माझ्याकडे आले. तेव्हा कळले की काळ बदलला तरी उन्हाळा तोच आहे. मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा, त्यामुळे गाणाऱ्या मुली मिळेनात. परीक्षा संपली तर लग्नसराई, ढोलकीवाल्याला रोज कुठली ना कुठली हळद. संध्याकाळी ऐन तालमीला टँकर यायचा, की बाबासाहेबांचे काम करणारा पोरगा हंडे घेऊन पळायचा. वीज गेली की पंखा बंद, विहाराचा पत्रा तापलेला, लहान पोरे घामाने चिंब. एका आईने सांगितले, "दादा, पोरीला गाऊ द्या, तिचा हंडा मी भरते." त्या दिवसापासून टँकर आला की मोठी माणसे रांगेत आणि पोरे तालमीत, असा नियमच झाला. आमच्या वगाला कुणी दिग्दर्शनाचे बक्षीस दिले असते तर मी ते रांगेतल्या त्या बायकांना दिले असते.

आणि गंमत बघा. तळ्याच्या प्रवेशाला मुलांना ओंजळीचा अभिनय शिकवावा लागला नाही. पाण्याची वाट पाहणे त्यांना माहीत होते. फक्त त्यांच्या आज्या-पणज्यांना रांगेतसुद्धा उभे राहू देत नव्हते, एवढे सांगावे लागले. ते ऐकून एक सातवीतला मुलगा म्हणाला, "मग आपण कायद्याने पाणी मिळवलं?" मी म्हणालो, "कायदा आधी होता. पाणी चालत जाऊन मिळवलं." तो संवाद आम्ही वगात घातला.

शेवटी एक विनंती

जलसा कधीच सोयीने उभा राहिला नाही. पाणी नव्हते, वेळ नव्हता, पैसा नव्हता, अक्षर नव्हते. होती ती माणसे आणि सांगण्यासारखे काहीतरी. म्हणून साधने नाहीत ही सबब जलशाच्या वारसांना शोभत नाही.

तरीही एक गोष्ट आपल्या हातून निसटते आहे. जलशांचे बहुतेक वग छापलेच गेले नाहीत. ते होते गाणाऱ्यांच्या डोक्यात आणि घरोघरच्या वह्यांत. चाळी पडल्या, गिरण्या बंद झाल्या, माणसे दूरदूर पांगली. घर बदलताना जुनी ट्रंक रद्दीवाल्याकडे जाते आणि तिच्यासोबत आजोबांची वहीही जाते. माझी प्रत्येक कुटुंबाला कळकळीची विनंती आहे की आपल्या घरातली जुनी ट्रंक एकदा उघडा. त्यात गाण्याची वही, पार्टीचा फोटो, कार्यक्रमाचे हस्तपत्रक, काहीही सापडले तरी विहारात आणून दाखवा. आपली मुले त्याचा मोबाईलवर फोटो काढतील आणि मूळ वस्तू तुमची तुम्हाला परत मिळेल. घरात कुणी जुने माणूस अजून एखादी चाल गुणगुणत असेल, तर त्यांच्याजवळ बसून ती ऐका आणि लिहून घ्या. अर्धीच आठवत असली तरी चालेल.

पुढच्या उन्हाळ्यात त्यातूनच नवा वग बसवू. तालीम रात्री साडेआठला, विहारात. पाण्याची बाटली प्रत्येकाने घरून आणावी.

जयभीम! नमो बुद्धाय!